मराठी कवितेतील वनस्पतिप्रतिमा आणि स्त्रीसौंदर्य

मराठी कवितेतील वनस्पतिप्रतिमा आणि स्त्रीसौंदर्य हा मराठी काव्याच्या अभ्यासातील एक विषय आहे. फुले, वेली, वृक्ष, फळे आणि पिके यांच्या साहाय्याने स्त्रीचे रूप, वय, मनःस्थिती आणि सामाजिक स्थान यांचे जे वर्णन मराठी कवितेत आढळते, त्याचा विचार या विषयात केला जातो. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीपासून संतकाव्य, आख्यानकाव्य, लावणी, जात्यावरची ओवी आणि आधुनिक भावकविता अशा सर्व टप्प्यांवर या प्रतिमा दिसतात. त्यांचे स्थूलमानाने दोन प्रवाह करता येतात. पहिल्यात वनस्पती ही स्त्रीच्या रूपाचे माप असते : डोळे कमळासारखे, नाक चाफेकळीसारखे, अंग वेलीसारखे. दुसऱ्यात वनस्पती ही स्त्रीच्या जगण्यातील वस्तू असते : ती फूल वेचते, ओवते, माळते, तुळशीला पाणी घालते, शेत राखते. पहिला प्रवाह मुख्यतः संस्कृत काव्यसंकेतांतून आला, दुसरा लोकजीवनातून. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-वेंगुर्ले किनारपट्टीवर हा दुसरा प्रवाह बोलीत, सणांत आणि फुलांच्या व्यवहारात आजही स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

संस्कृत काव्यसंकेतांचा वारसा

संस्कृत काव्यात स्त्रीच्या प्रत्येक अवयवासाठी ठरावीक उपमाने आहेत. डोळ्यांना कमळ, दातांना कुंदकळ्या किंवा डाळिंबाचे दाणे, ओठांना बिंबफळ म्हणजे तोंडलीचे पिकलेले लाल फळ, बाहूंना लता, मांड्यांना केळीचा खांब, कांतीला चंपक किंवा केतकी अशी ही यादी आहे. कमलनयना, बिंबाधरा, रंभोरू हे शब्द या संकेतांतूनच तयार झाले. 'रंभोरू' मधील रंभा म्हणजे केळ होय, ही गोष्ट आज शब्दकोश पाहिल्याखेरीज सहसा ध्यानात येत नाही.

या वर्णनांबरोबर 'दोहद' हा एक वेगळा कविसंकेत रूढ होता. स्त्रीच्या पायाचा आघात झाल्याने अशोक फुलतो, तिच्या मुखातील मद्याच्या चुळीने बकुळ फुलते, अशी ती कल्पना आहे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र या नाटकात अशोकाचा दोहद कथानकाचा भाग झाला आहे. येथे स्त्री वनस्पतीसारखी नसून वनस्पतीच स्त्रीमुळे फुलते, म्हणजे उपमेची दिशा उलटते. मेघदूताच्या उत्तरार्धात अलकानगरीतील स्त्रियांच्या अंगावर कमळ, कुंद, लोध्राचे पराग, कुरबक, शिरीष आणि कदंब अशी निरनिराळ्या ऋतूंतील फुले एकाच वेळी दाखवली आहेत. तेथे सर्व ऋतू नित्य नांदतात, हे त्यातून सुचवले जाते. शाकुंतलातील शकुंतला आश्रमातील नवमालिकेच्या वेलीला बहिणीप्रमाणे मानते. तिच्या निरोपाच्या प्रसंगी वनातील झाडे आणि वेलीही दुःखी होतात.

हे संकेत मराठीत पंडितकवींच्या द्वारे आलेच; शिवाय ते बोलीतही झिरपले. 'चाफेकळी नाक', 'केवड्यासारखा रंग', 'डाळिंबाच्या दाण्यांसारखे दात' ही वर्णने काव्य न वाचलेल्या माणसांच्या तोंडीही असतात. मात्र सडपातळ मुलीला 'चवळीची शेंग' म्हणणे हे संस्कृतातून आलेले नाही. ते परसातल्या वेलावरून आलेले आहे.

गाथासप्तशती

हाल सातवाहनाच्या नावावर असलेला गाथासप्तशती हा सुमारे ७०० गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यातील अनेक गाथांना गोदावरीच्या परिसराची पार्श्वभूमी आहे. स. आ. जोगळेकर यांनी संपादित केलेली त्याची मराठी आवृत्ती १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकांना हा ग्रंथ सुलभ झाला.

या गाथांतील स्त्रिया बहुधा ग्रामीण आहेत आणि त्यांच्याभोवतीची वनस्पतीही ग्रामीण आहे. साळीची शेते, कापूस, ताग, एरंड, मोह, आंबा, नदीकाठची वेताची जाळी यांचा उल्लेख वारंवार येतो. उभे पीक हे प्रेमिकांच्या भेटीचे आडोसे असते. म्हणून पीक पिवळे पडू लागले, कापणी जवळ आली की नायिकेच्या डोळ्यांत पाणी येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो आनंदाचा काळ, तोच तिच्या दृष्टीने वियोगाचा. वनस्पतीची अवस्था सांगून मनाची अवस्था सुचवण्याची ही रीत पुढील ध्वनिविचारात फार महत्त्वाची ठरली. आनंदवर्धन, मम्मट आदी साहित्यशास्त्रकारांनी व्यंजनेची उदाहरणे म्हणून अशा प्राकृत गाथा घेतल्या आहेत. येथे फुलाने स्त्रीचे वर्णन केलेले नाही. फुलाच्या किंवा पिकाच्या आडून स्त्री स्वतः बोलते आहे.

संतकाव्य आणि विरहिणी

संतकाव्यात स्त्रीसौंदर्याचे वर्णन हा मुख्य हेतू नव्हता. तरीही ज्ञानेश्वरांच्या नावावरील विरहिणी या प्रकारच्या अभंगांत जीवाने विरही स्त्रीची भूमिका घेतली आहे. शृंगारकाव्यात चंदनाची उटी आणि फुलांची शेज ही सुखाची साधने असतात. विरहिणीत तीच अंगाला पोळतात. शीतल वस्तूने दाह होणे हा संस्कृत काव्यातील जुना संकेत आहे. ज्ञानेश्वरांनी तो परमेश्वराच्या ओढीसाठी वापरला. वेल वाढून फुलणे आणि कळ्या वेचणे ही प्रतिमाही याच परंपरेत आत्मानुभवासाठी आली आहे.

एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर (१५७१) हे लोकप्रिय आख्यान होय. वधूवर्णनाची पारंपरिक चौकट त्यात आहे, परंतु जीव आणि शिव यांच्या मीलनाचे रूपक तिच्या मुळाशी आहे. उपवर मुलींनी या ग्रंथाचे पारायण करावे, अशी प्रथा महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. त्यामुळे संस्कृत वळणाची ही रूपवर्णने स्त्रियांच्या नित्य वाचनात राहिली.

आख्यानकाव्य आणि लावणी

सतराव्या-अठराव्या शतकांतील पंडितकवींनी स्वयंवरकथांमधून नायिकेचे नखशिखांत वर्णन केले. रघुनाथपंडितांचे नलदमयंती आख्यान हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. या वर्णनांत उपमानांची निवड ठरलेली असते. कवीचे कौशल्य शब्दरचनेत आणि श्लेषात दिसते.

पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, अनंतफंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर इत्यादी शाहिरांची लावणी बहरली. लावणीत जाई, जुई, शेवंती, केवडा, केतकी, गुलाब, चाफा ही फुले नायिकेच्या अंगावर आणि वर्णनात एकत्र येतात. संस्कृत काव्यातील कमळाची जागा येथे बहुतांशी बागेतल्या आणि बाजारातल्या फुलांनी घेतली. 'लावणी' या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. काहींनी तो 'लावण्य' शब्दाशी जोडला, तर काहींनी 'लावणे' या क्रियापदाशी. भाताच्या रोपांची लावणी हा अर्थ कोकणात आजही प्रथम डोळ्यांपुढे येतो. यांपैकी कोणतीही व्युत्पत्ती स्वीकारली, तरी सौंदर्य आणि शेती हे दोन्ही अर्थ मराठी कानाला एकाच शब्दात ऐकू येतात.

लावणीचे कर्ते बहुधा पुरुष होते आणि गाणारी, नाचणारी पुष्कळदा स्त्री असे. त्यामुळे 'मी फूल आहे' असे जेव्हा लावणीतील नायिका म्हणते, तेव्हा ते वाक्य नेमके कोणाचे, असा प्रश्न निर्माण होतो. स्त्रीवादी दृष्टीच्या अभ्यासात तो महत्त्वाचा मानला जातो.

ओवी आणि लोकपरंपरा

जात्यावर दळताना स्त्रियांनी रचलेल्या आणि मुखोद्गत ठेवलेल्या ओव्या हा या विषयाचा सर्वांत मोठा स्त्रीनिर्मित ठेवा आहे. साने गुरुजींनी स्त्रीजीवन या ग्रंथात अशा ओव्यांचे संकलन केले. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनाचे मोठे काम उभे केले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवण्यात आल्या.

ओवीत तुळस ही दारची सखी आहे. दळणाऱ्या स्त्रीला माहेरी जे बोलता येत नाही आणि सासरी जे कोणी ऐकत नाही, ते ती तुळशीला सांगते. आई, लेक, भाऊ, बाळ यांना फुलाझाडांच्या उपमा दिल्या जातात. परंतु स्वतःच्या अवयवांचे एकेक वर्णन करण्याची रीत ओवीत नाही. फूल हे येथे मायेचे माप आहे. कार्तिकातील तुळशीच्या लग्नात हीच तुळस प्रत्यक्ष वधू होते. तिच्या वृंदावनात ऊस, चिंचा आणि आवळे ठेवले जातात आणि घरातील मुलीच्या लग्नाप्रमाणे मंगलाष्टके म्हटली जातात.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची खानदेशी बोलीतील कविता याच मुखपरंपरेतून आली. त्यांचा संग्रह १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. बी, रोप, पीक आणि झाड यांच्याविषयीची त्यांची कविता कष्टकरी स्त्रीच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. नायिकावर्णनाचा संकेत तिला माहीत असण्याची गरजच नव्हती.

मालवण किनाऱ्यावरील फुले

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या किनारपट्टीवर स्त्रीच्या केसांतील फूल हे ऋतूनुसार बदलते आणि प्रत्येक फुलाला बोलीत स्वतंत्र अर्थ आहे.

सुरंगी (मॅमिया सुरिगा) हा सदाहरित वृक्ष वेंगुर्ले तालुक्यातील आसोली, आरवली या भागांत विशेष आढळतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या जून फांद्यांवर गुच्छांनी फुले येतात. पाकळ्या पांढऱ्या आणि मधला पुंकेसरांचा झुबका पिवळा असतो. ओवलेल्या फुलांच्या माळेला 'वळेसर' म्हणतात. सुकवलेल्या कळ्या सुगंधी द्रव्यांसाठी विकल्या जातात. झाडावर चढून कळ्या काढणे, त्या निवडणे आणि वळेसर करून बाजारात बसणे ही कामे अनेक कुटुंबांच्या हंगामी उत्पन्नाचा भाग आहेत. त्यामुळे कवितेत केवळ सुगंध असलेले हे फूल येथे श्रम आणि रोजगारही आहे.

अबोली (क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस) हे गंधहीन फूल आहे. तिच्या फिकट नारिंगी छटेला मराठीत 'अबोली रंग' असे नावच मिळाले. 'न बोलणारी' असा तिच्या नावाचा अर्थ लावला जातो; त्यामुळे अबोल, लाजऱ्या किंवा रुसलेल्या मुलीसाठी ही प्रतिमा कवींना आयतीच मिळाली. गंध नसणे हे न्यून असूनही कोकणात आणि गोव्यात केसांत माळण्यासाठी अबोलीला मोठा मान आहे.

बकुळीला (मिम्युसॉप्स एलेंगी) मालवणीत 'ओवळ' म्हणतात. तिची फुले झाडावरून तोडावी लागत नाहीत. पहाटे खाली पडलेली वेचून ओवतात. सुकल्यावरही त्यांचा वास टिकतो. म्हणून बकूळ ही तारुण्यापेक्षा आठवणीची, वय झाल्यावरही उरणाऱ्या गुणाची प्रतिमा ठरली. दोहदाच्या संकेतातील मद्याच्या चुळीने फुलणारी बकूळ आणि अंगणात पोरीबाळींनी वेचलेली ओवळ हे झाड एकच असले, तरी त्यांची काव्यातील जगे फार वेगळी आहेत.

केवडा खाडीकाठी आणि ओहोळांच्या कडेला वाढतो. त्याच्या पानांना काटे असतात. त्याचे सुगंधी कणीस हे नर-फुलोऱ्याचे असते. तरी त्याचे पान वेणीत खोवण्याची आणि वस्त्रांच्या घडीत ठेवण्याची रीत स्त्रियांची आहे. गंध आणि काटे यांच्या जोडीमुळे दुर्लभ, सहज हाती न येणाऱ्या सौंदर्यासाठी केवडा वापरला जातो.

तेरडा (इम्पेशन्स बाल्समिना) पावसाळ्यात माळावर आणि बांधांवर फुलतो. भाद्रपदात कोकणातील अनेक घरी तेरड्याची रोपे आणून त्यांचीच गौर करतात आणि तिला साडी, दागिने घालून माहेरवाशिणीप्रमाणे पूजतात. अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर तिचे विसर्जन होते. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण रूपाच्या आणि उत्साहाच्या क्षणभंगुरतेविषयी आहे. जिचा रंग टिकत नाही म्हणून म्हण झाली, त्याच वनस्पतीला देवीचे रूप देणारी ही प्रथा आहे. स्त्रीला फुलाची उपमा देण्याऐवजी येथे रोपालाच स्त्री केले जाते.

फूल माळण्याचा अधिकार

मराठी समाजात केसांतील फूल हे केवळ अलंकार नव्हते. कुंकू, बांगड्या आणि मंगळसूत्र यांच्याबरोबर ते सौभाग्याचे चिन्ह मानले जाई. म्हणून अनेक जातींत विधवेला फूल माळण्यास मनाई होती आणि उच्चवर्णीय कुटुंबांत केशवपनाचीही रूढी होती. स्त्रीच्या सौंदर्याला फुलाची उपमा देणाऱ्या काव्याचा विचार करताना ही मनाई ध्यानात घ्यावी लागते. ज्या स्त्रीच्या डोक्यावर केसच ठेवले जात नाहीत, तिच्यासाठी वेणीतील जाईचे वर्णन हे सौंदर्यवर्णन राहत नाही. ते गमावलेल्या हक्काची आठवण होते.

एकोणिसाव्या शतकात या रूढीविरुद्ध आवाज उठले. ताराबाई शिंदे यांचे स्त्रीपुरुषतुलना (१८८२) हे पुस्तक विधवांवरील निर्बंधांचा परखड समाचार घेते. कोकणातील मुरूडशी निगडित असलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रमाची स्थापना केली. सिंधुदुर्गाच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. म्हणजे हा प्रश्न केवळ जुन्या साहित्याच्या अभ्यासापुरता उरलेला नाही.

आधुनिक कविता

'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जाणारे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या कवितेत फूल हे संवाद करणारे पात्र झाले. बालकवींच्या (१८९०–१९१८) 'फुलराणी' या कवितेत कळी हीच अल्लड मुलगी आहे आणि सूर्यकिरणाशी तिचा विवाह होतो. येथे स्त्रीच्या वर्णनासाठी फूल आलेले नसून फुलाच्या वर्णनासाठी स्त्रीचे आयुष्य आले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ती फुलराणी (१९७५) या नाटकाने हे नाव फुले विकणाऱ्या मुलीला दिले. फूल असणे आणि फूल विकून पोट भरणे यांतील अंतर त्यामुळे रंगभूमीवर आले.

वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर तथा आरती प्रभू (१९३०–१९७६) यांचे जोगवा (१९५९), दिवेलागण (१९६२) आणि नक्षत्रांचे देणे (१९७५) हे संग्रह प्रसिद्ध आहेत. शेवटच्या संग्रहाला १९७८ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेत कोकणातील झाडेपाने अलंकार म्हणून येत नाहीत. तेथे स्त्री, संध्याकाळ आणि वनस्पती यांवर व्याकुळतेची एकच छाया पडलेली असते. वेंगुर्ल्यातच जन्मलेले मंगेश पाडगांवकर (१९२९–२०१५) आणि गोव्याचे बा. भ. बोरकर (१९१०–१९८४) यांच्या कवितेत मात्र फुलांचा आणि प्रीतीचा प्रसन्न मेळ आहे.

ना. धों. महानोर (१९४२–२०२३) यांच्या रानातल्या कविता (१९६७) या संग्रहाने पिकाचे वाढणे आणि देहाचे फुलणे एकमेकांत मिसळले. गाथासप्तशतीतील शेताचा आडोसा त्यांच्या कवितेत नव्याने भेटतो. इंदिरा संत (१९१४–२०००) यांच्या कवितेत ही परंपरा स्त्रीच्या बाजूने बदलली. त्यांचे पती ना. मा. संत यांचे १९४६ साली निधन झाले. त्यानंतरच्या शेला (१९५१), मेंदी (१९५५) या संग्रहांत निसर्ग हा एकाकी स्त्रीच्या मनाचा सोबती आहे. पाहिली जाणारी स्त्री येथे पाहणारी झाली. नामदेव ढसाळ यांच्या गोलपिठा (१९७२) या संग्रहाने सौंदर्यवर्णनाची रूढ भाषाच नाकारली. फुलांची उपमा कोणत्या स्त्रियांच्या वाट्याला आली आणि कोणत्या स्त्रिया तिच्याबाहेर राहिल्या, हा प्रश्न दलित कवितेने ऐरणीवर आणला.

चिनी काव्याशी तुलना

अभिजात चिनी काव्यातही स्त्रीसौंदर्य आणि वनस्पती यांची जोडी फार जुनी आहे. शिजिंग या प्राचीन संग्रहात नववधूच्या संदर्भात फुललेल्या पीच वृक्षाची प्रतिमा येते. छू प्रदेशातील कवी छू युआन याच्या काव्यात सुगंधी वनस्पती आणि सुंदर व्यक्ती यांना राजकीय अर्थ आहे : सुगंध म्हणजे सद्गुण आणि प्रियाविरह म्हणजे राजाने दूर केलेल्या निष्ठावंताचे दुःख. थांग काळातील बाइ जूयी याने ८०६ साली रचलेल्या दीर्घकाव्यात यांग गुइफेइ हिच्या रडवेल्या चेहऱ्याला पावसात भिजलेल्या नाशपातीच्या मोहोराची उपमा दिली आहे. सुंग काळातील कवयित्री ली चिंगचाव हिने शेवंतीवर्गीय फुलाच्या साहाय्याने स्वतःच्या विरहाविषयी लिहिले.

दोन्ही परंपरांत पुरुष कवीने विरही स्त्रीचा आवाज घेतला. चिनी कवीने तो बहुधा राजाकडे लावला, तर मराठी संतांनी विठ्ठलाकडे. तसेच दोन्हीकडे स्त्री जेव्हा स्वतः लिहू लागली, तेव्हा फूल रूपाचे माप न राहता मनाचे माप झाले. इंदिरा संत आणि ली चिंगचाव यांच्यात आठ शतकांहून अधिक अंतर असूनही हे साम्य अभ्यासण्याजोगे आहे.

अभ्यासातील महत्त्व

शालेय आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमात या प्रतिमा बहुधा उपमा, रूपक, उत्प्रेक्षा इत्यादी अलंकारांची उदाहरणे म्हणून शिकवल्या जातात. त्याबरोबर तीन प्रश्न विचारल्यास वर्णनाचा अर्थ अधिक उलगडतो : फूल कोणी पाहिले, ते कोणी वेचले आणि ते माळण्याची मुभा कोणाला होती. दुर्गा भागवत यांच्या ऋतुचक्र (१९५६) या ललितग्रंथाने झाडाफुलांकडे संकेतांच्या पलीकडे जाऊन प्रत्यक्ष पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली, तीही या अभ्यासाला उपयुक्त आहे.

या विषयाला पर्यावरणाची बाजूही आहे. काव्यातील फूल समजण्यासाठी ते झाड डोळ्यांसमोर असावे लागते. सुरंगीसारखा वृक्ष सावकाश वाढतो आणि त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. अशी झाडे तुटली की एखाद्या घराचे हंगामी उत्पन्न तर जातेच. त्याबरोबर वळेसर, ओवळ यांसारखे शब्दही वापरातून जातात आणि त्या शब्दांवर उभी असलेली ओळ पुढच्या वाचकाला केवळ तळटीपेच्या आधाराने वाचावी लागते.